गाडी सोडावी की गोळी झाडावी? वर्धेच्या वाटांवरून खासगी संरक्षणाच्या हक्काचा विचार

वर्धा जिल्हा हा रस्त्यांचा जिल्हा आहे. जाम, हिंगणघाट आणि वडनेर या गावांवरून राष्ट्रीय महामार्ग ४४ हैदराबादकडे उतरतो, कारंजा (घाडगे) आणि तळेगाव (श्यामजीपंत) या बाजूने अमरावतीचा महामार्ग जातो, आणि डिसेंबर २०२२ पासून सेलू व आर्वी तालुक्यांतून समृद्धी महामार्गावरची वाहतूकही सुरू झाली आहे. यांतल्या बऱ्याच पट्ट्यांवर रात्री ढाबा किंवा टोलनाका मागे पडला की मैलोगणती शेतांखेरीज काही दिसत नाही. अशा ठिकाणी कोणी गाडी अडवून, चालकाला शस्त्राचा धाक दाखवून ती पळवू लागला आणि चालकाजवळ परवान्याचे रिव्हॉल्व्हर असले, तर त्याने ते केव्हा काढावे, हा प्रश्न धैर्याचा मानला जातो. पण मुळात तो कायद्याचा, अंतराचा आणि वेळेचा आहे. ज्या जिल्ह्यात सेवाग्राम आणि पवनार हे दोन्ही आश्रम आहेत, तेथे तो नीतीचाही प्रश्न होतो.

चोरी, जबरी चोरी, दरोडा

रस्त्यात गाडी हिसकावण्याला भारतीय कायद्यात स्वतंत्र नाव नाही. उभी गाडी कुलूप तोडून नेली तर ती चोरी होते. तीच गाडी नेताना चालकाला मारहाण केली, त्याला अडकवून ठेवले किंवा तत्काळ मृत्यूची अथवा दुखापतीची भीती घातली, तर ती जबरी चोरी होते, आणि असे करणारे पाच किंवा अधिक असतील तर तो दरोडा ठरतो. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय न्याय संहितेत जबरी चोरी कलम ३०९ मध्ये आणि दरोडा कलम ३१० मध्ये आहे. जबरी चोरीला सामान्यतः दहा वर्षांपर्यंत सश्रम कारावास असला, तरी ती सूर्यास्त ते सूर्योदय या काळात हमरस्त्यावर घडली तर शिक्षा चौदा वर्षांपर्यंत जाऊ शकते. वाटमारीकडे वेगळ्या नजरेने पाहण्याची ही दृष्टी १८६० च्या भारतीय दंड संहितेपासून चालत आलेली आहे, कारण वाटेवरचा माणूस घर, शेजार आणि गावकी यांपासून तुटलेला असतो हे कायदा करणाऱ्यांना ठाऊक होते.

हा भेद महत्त्वाचा आहे, कारण प्रतिकार कोठपर्यंत करता येईल हे त्यावरच ठरते. स्वतःचे किंवा दुसऱ्याचे शरीर आणि मालमत्ता यांच्या रक्षणासाठी केलेली कृती गुन्हा ठरत नाही, या तत्त्वाला खासगी संरक्षणाचा हक्क म्हणतात आणि तो संहितेच्या कलम ३४ ते ४४ मध्ये विस्ताराने दिला आहे. त्यातील कलम ४१ नुसार जबरी चोरीच्या प्रसंगी, संहितेतील इतर मर्यादांना अधीन राहून, हा हक्क हल्लेखोराचा जीव घेण्यापर्यंत पोहोचतो. साध्या चोरीत मात्र मृत्यूची किंवा जबर दुखापतीची वाजवी धास्ती असल्याशिवाय तो तेवढा पोहोचत नाही. म्हणजे हॉटेलसमोर उभी केलेली गाडी कोणी सुरू करून नेत असताना धाव घेणे, ओरडणे, अडवणे हे सारे हक्कात बसते, गोळी झाडणे बसत नाही. तोच माणूस चालकाच्या मानेवर चाकू टेकवतो तेव्हा कायद्याचे उत्तर बदलते.

मात्र कलम ३७ हे या हक्काचे कुंपण आहे. सरकारी यंत्रणेची मदत घ्यायला वेळ असेल तर हा हक्क मिळत नाही, आणि संरक्षणासाठी आवश्यक त्याहून अधिक इजा कोणत्याही परिस्थितीत करता येत नाही. गाडी जबरीने नेली जात आहे एवढ्याने लुटारूच्या छातीवर नेम धरण्याची मोकळीक मिळते, असा कलम ४१ चा अर्थ घेणे त्यामुळेच चुकीचे आहे. ते कलम प्रतिकाराची कमाल मर्यादा सांगते, आणि त्या मर्यादेपर्यंत जाणे त्या क्षणी खरोखर गरजेचे होते का, हे प्रत्येक वेळी वेगळे तपासले जाते.

नागपूरच्या न्यायालयातून गेलेला एक खटला

गरजेचे होते की नाही हे कोणाच्या नजरेने ठरवायचे, या प्रश्नाचे आजही आधार म्हणून घेतले जाणारे उत्तर वर्धा ज्या राज्यात होते त्याच राज्यातील एका खटल्यात मिळाले. १९५० मध्ये वर्धा जिल्हा तेव्हाच्या मध्य प्रदेशात होता आणि त्या राज्याचे उच्च न्यायालय नागपुरात होते. त्या वर्षी ५ मार्चला कटनी शहरात निर्वासित सिंधी आणि स्थानिक मुसलमान यांच्यात दंगल उसळली. अमजद खान या दुकानदाराच्या भावाचे लगतचे दुकान जमावाने लुटले, आणि जमाव त्याच इमारतीत घुसल्याचे आईने भिंतीतील भगदाडातून येऊन त्याला सांगितले, तोवर त्याच्या स्वतःच्या दारावर काठ्यांचे घाव पडू लागले होते. त्याने बंदुकीच्या दोन गोळ्या झाडल्या. एक जण मेला आणि तिघे जखमी झाले. सत्र न्यायालयाने त्याला खुनाबद्दल दोषी धरले आणि उच्च न्यायालयाने तो निर्णय कायम ठेवला.

१९५२ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने त्याची निर्दोष मुक्तता केली. निकाल लिहिणारे न्यायमूर्ती व्हिव्हियन बोस हे स्वतः नागपूरचे, आणि त्या उच्च न्यायालयाचे माजी मुख्य न्यायाधीश होते. त्यांच्या विवेचनाचा आशय असा, की दार मोडून जमाव आत येईपर्यंत आणि कोणावर तरी प्रत्यक्ष घाव पडेपर्यंत थांबण्याचे बंधन त्या माणसावर नव्हते. शेजारी काय झाले हे त्याला कळले होते, आपल्यावर काय ओढवणार आहे याचा अंदाज बांधायला तेवढे पुरेसे होते, आणि अशा घटकेला केलेली कृती सोनाराच्या काट्यावर तोलता येत नाही. धोक्याचे मोजमाप न्यायालयाच्या निवांत दालनातून होत नाही, त्या दाराआड उभ्या असलेल्या माणसाच्या जागेवरून होते, हे तत्त्व तेथे पक्के झाले. २०१० मधील दर्शन सिंग खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने या हक्काची सूत्रे एकत्र मांडली तेव्हाही, जीव धोक्यात असलेल्या माणसाने आपला प्रतिकार पायरीपायरीने मोजून करावा अशी अपेक्षा अवास्तव असल्याचे पुन्हा सांगितले.

गाडीत बसलेल्या माणसाला हे तत्त्व जसेच्या तसे लागू होते. समोरच्याच्या हातातील पिस्तूल खेळण्यातले होते असे नंतर उघड झाले, तरी अंधारात ते खरे वाटणे वाजवी होते का, एवढेच पाहिले जाते. उलट बाजूने, केवळ आपल्याला भीती वाटली म्हणून भागत नाही. त्या जागी दुसऱ्या कोणा समंजस माणसालाही ती वाटली असती, हे दिसावे लागते.

धोका केव्हा सुरू होतो आणि केव्हा संपतो

या दुसऱ्या अटीचे गांभीर्य योगेंद्र मोरारजी विरुद्ध गुजरात राज्य या १९८० च्या खटल्यात दिसते. येणे-देण्याच्या वादातून काही मजुरांनी गाडी अडवली, गाडीतील मालकाने रिव्हॉल्व्हरमधून गोळ्या झाडल्या आणि त्यांत एक जण मेला. गाडी अडवली जाणे हा काहीएक धोका होता हे मान्य करूनही सर्वोच्च न्यायालयाने हक्काची मर्यादा ओलांडली गेल्याचे ठरवले. रात्रीच्या रस्त्यावर गाडी अडवणारा प्रत्येक हात लुटारूचा नसतो. अपघातात सापडलेला, बैलगाडी उलटलेला, पेट्रोल संपलेला किंवा मजुरी थकलेला माणूसही हात वर करूनच गाडी थांबवतो. अडवले जाणे आणि हल्ला होणे यांत अंतर आहे, आणि ते ओळखण्याची जबाबदारी शस्त्र बाळगणाऱ्यावर निःशस्त्र माणसापेक्षा जास्त येते.

धोका संपण्याचा क्षण ओळखणे त्याहून कठीण आहे. कलम ४३ नुसार जबरी चोरीच्या वेळचा हक्क, तत्काळ मृत्यूची, दुखापतीची किंवा अडकवून ठेवले जाण्याची भीती जोवर चालू असते तोवरच टिकतो. लुटारू गाडी घेऊन शंभर मीटर पुढे गेला, की मालमत्तेचे नुकसान चालूच असते, पण चालकाच्या जिवावरचे संकट टळलेले असते. जय देव विरुद्ध पंजाब राज्य या १९६२ मध्ये निकाली निघालेल्या खटल्यात, सुरुवातीला खरा धोका असल्याचे मान्य करूनही, पळून जाणाऱ्यांवर झाडलेल्या गोळ्यांना न्यायालयाने संरक्षण दिले नाही. दूर जाणाऱ्या गाडीच्या मागच्या काचेवर झाडलेली गोळी म्हणूनच बहुतेक वेळा प्रतिकाराऐवजी सूड ठरते. मर्यादा ओलांडली पण ती सद्भावनेने आणि पूर्वयोजनेशिवाय, असे सिद्ध झाले तर कृत्य खुनाच्या व्याख्येतून वगळले जाते; तरी ते सदोष मनुष्यवध म्हणून शिक्षेस पात्र राहते.

याच्या उलट एक परिस्थिती अशी आहे, की जिच्यात गाडी ही मालमत्ता राहतच नाही. मागच्या आसनावर मूल झोपले असेल आणि लुटारू त्याच्यासकट गाडी नेऊ लागला, तर प्रश्न अपहरणाचा होतो आणि कलम ३८ मधील शरीराच्या संरक्षणाचा हक्क जागा होतो. हा हक्क जीव घेण्यापर्यंत पोहोचतो असे जे सात प्रसंग त्या कलमात दिले आहेत, त्यांत अपहरणाच्या उद्देशाने केलेला हल्ला येतो. तसेच सरकारी मदत मिळणार नाही अशा रीतीने कोंडून ठेवण्याच्या उद्देशाने केलेला हल्लाही येतो, ज्यात चालकाला गाडीत कोंबून नेण्याचा प्रकार बसू शकतो. अमेरिकेतील मेरीलँड राज्यात सप्टेंबर १९९२ मध्ये लुटारूंनी एका महिलेची गाडी हिसकावली, तिच्या लहानग्या मुलीला आसनासह बाहेर टाकले आणि आसनपट्ट्यात अडकलेल्या आईला फरफटत नेले. त्यात ती मरण पावली. या घटनेनंतर त्याच वर्षी तेथे गाडी हिसकावणे हा केंद्रीय गुन्हा ठरवणारा कायदा झाला. लहान मूल आणि आसनपट्टा या दोन गोष्टींमुळे गाडीची लूट क्षणात जिवावर बेतते, हे त्या घटनेतून जगाला कळले.

एक हात अंतरावरचे शस्त्र

कायदा परवानगी देत असताना शस्त्र उपयोगी पडेल का, हा वेगळा प्रश्न आहे. अमेरिकेतील सॉल्ट लेक सिटीचे पोलीस अधिकारी डेनिस ट्युलर यांनी १९८३ मध्ये दाखवून दिले, की चाकू घेतलेला धडधाकट माणूस २१ फुटांचे, म्हणजे साधारण साडेसहा मीटरचे अंतर सुमारे दीड सेकंदात कापतो, आणि प्रशिक्षित पोलिसालाही कमरेचे पिस्तूल काढून गोळी झाडायला जवळजवळ तेवढाच वेळ लागतो. गाडीत हे अंतर हातभरही नसते. हल्लेखोर खिडकीशी उभा, चालकाच्या उजव्या खांद्यापासून काचेएवढ्या अंतरावर. छातीवरून पट्टा आवळलेला, पुढे सुकाणूचे चाक, डावा हात गिअरवर, आणि रिव्हॉल्व्हर डाव्या बाजूच्या खणात कागदपत्रांखाली. ते काढायला चालकाला हल्लेखोराकडे पाठ करून वाकावे लागते आणि नेमकी तीच हालचाल हल्लेखोराला वार करायला भाग पाडते. शस्त्राचा धाक आधीच बसलेला असताना शस्त्र शोधू लागणे हा बहुधा सर्वांत धोक्याचा पर्याय ठरतो.

त्या क्षणी खरे उपयोगी साधन म्हणजे गाडीच असते. इंजिन सुरू आहे, पुढे वाट मोकळी आहे आणि गाडी गिअरमध्ये आहे, तर निघून जाणे हे गोळीपेक्षा जलद असते आणि त्यातून कोणाचा जीव जाण्याची शक्यताही कमी असते. पळून जाण्याची सक्ती भारतीय कायदा हल्ला झालेल्या माणसावर करत नाही. पण निसटण्याची सोपी वाट समोर असताना गोळी का झाडली, हा प्रश्न न्यायालयात विचारला जातोच. वाट बंद असेल आणि मागणी केवळ गाडीची असेल, तर हात दिसतील असे ठेवून उतरणे, किल्ली सोडणे आणि गाडीपासून दूर होणे यात गमावण्यासारखे जे असते ते भरून निघते. सर्वसमावेशक विम्यात चोरीची जोखीम अंतर्भूत असते आणि घोषित मूल्याच्या आधारे भरपाई मिळते, मात्र फक्त तृतीय पक्षाचा विमा असेल तर ती मिळत नाही. शिवाय समृद्धीसारख्या बंदिस्त महामार्गावरून गाडीला ठरावीक आंतरबदल मार्गानेच, टोलनाक्याच्या कॅमेऱ्यांसमोरून बाहेर पडावे लागते, त्यामुळे ११२ क्रमांकावर लगेच गेलेला फोन हा पाठलागापेक्षा फलदायी ठरू शकतो.

गोळी झाडणाऱ्याला आणखी एका कलमाचा विचार करावा लागतो. प्राणघातक हल्ल्याला तोंड देताना निरपराध माणसाला इजा होण्याचा धोका पत्करल्याशिवाय बचाव शक्यच नसेल, तर कलम ४४ तो धोका पत्करू देते; पण ही सवलत प्राणघातक हल्ल्यापुरती आहे. जामच्या चौरस्त्यावर बसची वाट पाहणारे प्रवासी मागे उभे असताना केवळ गाडी वाचवण्यासाठी झाडलेली गोळी त्या सवलतीत बसणार नाही.

नाकाबंदीचा पेच

वर्धा जिल्ह्यात या प्रश्नाला एक स्थानिक पैलू आहे. गेल्या शतकातील सत्तरच्या दशकापासून येथे दारूबंदी असल्यामुळे जिल्ह्याच्या सीमांवर आणि आडरस्त्यांवरही गाड्या थांबवून डिकी तपासली जाते. अंधारात बॅटरी हलवून थांबायला सांगणारा माणूस खरा पोलीस आहे की तोतया, अशी शंका चालकाला येऊ शकते. कलम ३७ नुसार, पदाच्या अधिकारात सद्भावनेने वागणाऱ्या लोकसेवकाविरुद्ध, त्याच्या कृतीने मृत्यूची किंवा जबर दुखापतीची वाजवी धास्ती निर्माण होत नसेल तर, खासगी संरक्षणाचा हक्क नसतो. मात्र समोरचा लोकसेवक आहे हे माहीत नसेल आणि तसे मानायला कारणही नसेल, तर हक्क हिरावला जात नाही. गणवेश, सरकारी वाहन, रस्त्यावरचे अडथळे ही सारी ‘मानायला कारण’ या शब्दांत येतात. शंका आलीच तर काच थोडीच खाली घेणे, दारे बंद ठेवणे, ओळखपत्र मागणे, ११२ वर विचारणे आणि उजेडातील ठिकाणी किंवा जवळच्या ठाण्यात तपासणी करण्याची विनंती करणे, एवढ्याने काम भागते.

परवाना, कट्टा आणि संविधान सभा

शस्त्र अधिनियम १९५९ खाली परवाना जिल्हाधिकाऱ्यांच्या यंत्रणेकडून मिळतो. त्यासाठी किमान वय २१ वर्षे आहे, आणि २०१९ च्या दुरुस्तीनंतर एका व्यक्तीला जास्तीत जास्त दोन बंदुका बाळगता येतात व परवान्याची मुदत पाच वर्षे असते. बिनपरवान्याचा देशी कट्टा बाळगणाऱ्याची गोळी खासगी संरक्षणात बसली, तरी कट्टा बाळगण्याचा गुन्हा त्याने पुसला जात नाही.

परवानगी मागावी लागते तो हक्क कसला, हा वाद संविधान सभेतही झाला. मध्य प्रांत-वऱ्हाडातून निवडून गेलेले हरि विष्णु कामत यांनी डिसेंबर १९४८ मध्ये शस्त्र बाळगण्याचा मूलभूत हक्क घालण्याची दुरुस्ती मांडली. काँग्रेसच्या १९३१ च्या कराची ठरावात नियमांना अधीन राहून तो हक्क होता. डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी दुरुस्तीला विरोध केला. असा हक्क एकदा मूलभूत ठरला, तर चोर-दरोडेखोरांच्या हातातील शस्त्र काढून घेणेही संसदेला अवघड होईल, हा त्यांच्या युक्तिवादाचा गाभा होता. दुरुस्ती फेटाळली गेली. स्वसंरक्षणाचा हक्क सर्वांना आणि त्यासाठीचे घातक साधन निवडक लोकांना, अशी जी भारतीय रचना आहे तिचा पाया तेथे घातला गेला.

इतर देशांनी वेगळ्या वाटा चोखाळल्या. अमेरिकेतील लुईझियाना राज्याने १९९७ मध्ये गाडी हिसकावणाऱ्याविरुद्ध घातक बळ वापरण्याची मुभा वाढवणारा कायदा केला, तर दक्षिण आफ्रिकेत १९९८ मध्ये गाडीच्या दाराखालून आगीचा लोळ सोडणारे एक साधनच बाजारात आले आणि ते फार काळ टिकले नाही. रस्त्यावरच्या असुरक्षिततेचे ओझे एकेका चालकावर टाकले, की साधने अशीच उग्र होत जातात.

सेवाग्राम आणि पवनार काय सांगतात

गांधीजी १९३६ मध्ये सेवाग्रामला राहायला आले, त्याच्या कितीतरी आधी त्यांनी या प्रश्नाची दोन उत्तरे दिली होती आणि ती एकत्रच वाचावी लागतात. १९०९ च्या ‘हिंद स्वराज्य’मध्ये त्यांनी घरात शिरलेल्या चोराचे उदाहरण घेऊन दाखवले, की चोराविरुद्ध शेजाऱ्यांना शस्त्रसज्ज केले तर चोरही आपले साथीदार जमवतो आणि भांडण गावभर पसरते. पण ऑगस्ट १९२० मध्ये ‘यंग इंडिया’त त्यांनी लिहिले, की भ्याडपणा आणि हिंसा एवढे दोनच पर्याय असतील तर आपण हिंसेचा सल्ला देऊ; १९०८ मध्ये आपल्यावर प्राणघातक हल्ला झाला त्या वेळी थोरला मुलगा तेथे असता, तर बळ वापरूनही आपले रक्षण करणे हे त्याचे कर्तव्य ठरले असते, असे त्यांनी त्याला सांगितले होते. १८७८ च्या शस्त्र कायद्याने भारतीयांना निःशस्त्र केले याला तर त्यांनी ब्रिटिश राजवटीच्या सर्वांत काळ्या कृत्यांत गणले. घाबरून गाडी सोडणे आणि विचार करून गाडी सोडणे बाहेरून सारखेच दिसते; गांधीजींच्या दृष्टीने मात्र दुसरीच गोष्ट अहिंसेच्या जवळची आहे.

सेवाग्राम आश्रमात साप पकडण्याचा एक लाकडी चिमटा जपून ठेवला आहे. साप त्यात धरून पेटीत घालायचा आणि दूर नेऊन सोडायचा, अशी त्यामागची रीत. आवश्यक तेवढेच बळ वापरावे, ही कलम ३७ ची अट त्या चिमट्याइतक्या सोप्या रीतीने क्वचितच समजावता येईल.

पवनारचे विनोबा भावे आणखी मागे गेले. मे १९६० मध्ये ते चंबळच्या खोऱ्यात फिरले आणि काही डाकूंनी त्यांच्यापुढे शस्त्रे ठेवली. मध्य प्रदेशाचे तेव्हाचे पोलीसप्रमुख, मूळचे नागपूरजवळच्या कामठीचे के. एफ. रुस्तमजी, यांनी या मोहिमेवर उघड टीका केली, कारण पोलिसांच्या मनोधैर्यावर तिचा वाईट परिणाम होईल असे त्यांना वाटत होते. दोघांच्या भूमिकांत तथ्य होते. लुटारू घडण्याआधीच त्याच्यापर्यंत पोहोचणे समाजाचे काम आणि तो रस्त्यावर उतरला की त्याला आवरणे पोलिसांचे. ही दोन्ही कामे जेथे अपुरी पडतात, तेथेच चालकाच्या हातातील रिव्हॉल्व्हरचा प्रश्न उरतो.

निर्णयाचे तीन प्रश्न

गोळी झाडल्यानंतर कायदा चालकालाच बोलायला लावतो. आपण खासगी संरक्षणात वागलो हे दाखवण्याचा भार भारतीय साक्ष्य अधिनियमाच्या कलम १०८ नुसार आरोपीवर असतो. तो संशयातीत पुराव्याने पेलावा लागत नाही, शक्यतेचे पारडे त्याच्याकडे झुकले तरी पुरते, आणि १९६८ च्या मुन्शी राम खटल्यापासून हेही स्पष्ट आहे, की आरोपीने बचाव तसा मांडला नसला तरी पुराव्यातून तो दिसत असेल तर न्यायालयाला त्याचा विचार करता येतो. तरीही प्रथम खबर, शस्त्राची जप्ती, शवविच्छेदन आणि अनेक वर्षे चालणारा खटला यांतून त्याला जावेच लागते.

या सगळ्यातून तीन प्रश्न उरतात आणि त्यांचा क्रम बदलता येत नाही. लुटारूला गाडी हवी आहे की गाडीतील माणूस? निसटण्याची वाट आहे की नाही? आणि धोका या क्षणी चालू आहे की पुढे सरकला आहे? मागणी गाडीची असेल तर ती सोडून द्यावी, वाट असेल तर निघून जावे, आणि धोका दूर गेला असेल तर बंदूक नव्हे, फोन हातात घ्यावा. मूल आत आहे, वाट बंद आहे आणि शस्त्र अंगावर आले आहे, अशा वेळी केलेल्या प्रतिकाराच्या पाठीशी संहिता उभी राहते, आणि १९२० चे गांधीजीही त्या माणसाला दोष देत नाहीत. असा प्रसंग क्वचित येतो, पण आला तर विचाराला सवड नसते. म्हणून शस्त्राचा परवाना मागणाऱ्याने या तीन प्रश्नांची उत्तरे अर्ज भरण्याआधीच स्वतःशी पक्की केली पाहिजेत. ज्याला ती देता येत नाहीत, त्याच्या गाडीत रिव्हॉल्व्हर असण्याने त्या गाडीतील माणसांचा धोका कमी होण्याऐवजी वाढतो.